भाकरीचा डबा घेऊन बसणारे पाद्री

पोलीस ठाण्यात ज्वारीची भाकरी बघायला मिळेल, आणि तीसुद्धा कलकत्त्यात, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. खिदिरपूरहून येताना बसमध्ये माझा मोबाइल गेला होता. त्याची तक्रार द्यायला मी गेले होते. बाकावर शेजारी पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ बसले होते. सावळे, ठेंगणे, अंगात हातानं विणलेला स्वेटर आणि गळ्याशी पाद्र्यांची ती पांढरी पट्टी. त्यांनी मांडीवर रुमाल पसरला, पिशवीतून स्टीलचा डबा काढून उघडला, आणि आत चक्क भाकरी, लसणाची चटणी, मेथीची भाजी. माझ्या तोंडून सरळ मराठीच बाहेर पडलं, "अहो, ही कुठून आणलीत?"

"बायको थापते," ते म्हणाले. "पीठ नगरहून येतं." मी मराठीत बोलणार हे जसं काही त्यांना आधीपासून ठाऊक होतं. मग झाकणात चतकोर भाकरी ठेवून झाकण माझ्यापुढे धरलं. मी घेतली. भाकरीला नाही म्हणायला मला अजून जमलेलं नाही.

त्यांच्या पलीकडे, त्यांच्याच बरोबर आलेली दोन उंच आफ्रिकन मुलं भिंतीला डोकं टेकून बसली होती. फुटबॉल खेळायला आलेली. बजबजकडच्या, बारासातकडच्या छोट्या स्पर्धांमध्ये क्लबवाले अशा मुलांना एकेका सामन्यापुरतं खेळायला नेतात. गोल मारला की लोक त्यांना खांद्यावर घेऊन नाचतात आणि खोली भाड्यानं मागितली की दार लावून घेतात. त्यातल्या एकाच्या भुवईवर पट्टी होती. गल्लीतल्या टवाळ पोरांनी रंगावरून नाही नाही ते बोलून वर दगड मारला होता, आणि ठाण्यातले साहेब म्हणत होते, जाऊ द्या, मिटवून टाका.

"सकाळपासून बसवून ठेवलंय?" मी विचारलं.

"बसवून नाही ठेवलं. बसलोय."

"मग भांडा की साहेबांशी. मी असते तर ठाणं डोक्यावर घेतलं असतं."

"मला भांडता येत नाही, ताई. मला बसता येतं," ते म्हणाले आणि डब्याकडे बोट केलं. "हा डबा दिसला ना, की साहेबांना कळतं, हा माणूस जेवून परत बसणार. पिशवीत रात्रीचा पण आहे. तो दिसला की लिहून घेतात."

माझी तक्रार तेवढ्यात लिहून झालीसुद्धा. साहेबांनी मला चहा विचारला. त्या दोन मुलांना कुणी पाणीही विचारलं नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं ते मात्र बाहेर पडून रिक्षात बसल्यावर, आणि मग घरी पोचेपर्यंत मी धुमसत होते. आमचे हे म्हणाले, "मोबाइल गेला म्हणून एवढी चिडलीस?" मी म्हटलं, "मोबाइल गेला खड्ड्यात."

माझा स्वभाव तापट आहे, हे आमचे हे चारचौघांत कौतुकानं सांगतात. सांगू देत. आमचं मूळ गाव अलिबागकडचं. पण मूळ म्हणजे आजोबांचं. मी जन्मले, शिकले, म्हातारी झाले ती इथेच. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. हे गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसातून निवृत्त झाले. मुलगा बंगळुरूला असतो आणि त्याचं मराठी ऐकलं की माझी सासू वरून काय म्हणत असेल असं मला वाटतं. बेहालामध्ये एका तीन मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. बाकी सगळी इमारत बंगाली, आणि सगळ्या इमारतीची माझ्याबद्दल एक ठाम समजूत. मराठी माणसं म्हणजे शुद्ध शाकाहारी.

ही समजूत कुठून आली देव जाणे. कुणीतरी कधीतरी पुण्याला जाऊन श्रीखंड-पुरी खाऊन आलं असेल. पूजेच्या जेवणात मला न विचारता निरामिष पंगतीत बसवतात. सुरुवातीला मी सांगत होते की अहो आम्ही कोकणातले, मासे खाऊनच वाढलो. पण तोपर्यंत पानात धोकार डालना पडलेला असायचा. चण्याच्या डाळीच्या वड्यांची ती रस्साभाजी इतकी फक्कड असते की मीही पुढे बोलायचं सोडून दिलं. मासे घरी मिळतातच.

आणि मासे म्हणजे, बोंबील. ह्यांची बहीण अलिबागला असते. गाडीनं कुणी येणारं भेटलं की ती सुके बोंबील वर्तमानपत्रात, मग प्लास्टिकमध्ये, मग जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधून पाठवते. रविवारी सकाळी हे स्वतः जाळीवर बोंबील भाजतात, कांदा फोडतात, मी तांदळाची भाकरी करते. आठवड्यातला ह्यांचा तेवढाच स्वयंपाक, आणि त्याचा तोरा असा की जणू लग्नाची पंगत उठवली. धूर घरात राहू नये म्हणून मी तेव्हा नुकताच एक्झॉस्ट पंखा बसवून घेतलेला. तो धूर पाठीमागच्या चौकात, म्हणजे सगळ्यांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या उघडतात त्या अरुंद जागेत जातो. तिथून पुढे तो कुठे जातो याचा विचार मी कधी केला नव्हता. कोण करतं?

आमच्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये एक मुलगी भाड्यानं राहायला आली. मिझोरामची. खाजगी रुग्णालयात नर्स होती. जिन्यात भेटली की मान लववून "गुड मॉर्निंग आंटी" म्हणायची आणि भिंतीला चिकटून मला वाट द्यायची. जिना चांगला रुंद आहे, तरीसुद्धा. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर बसणारी मुलं तिला पाहून "मोमो, मोमो" करायची. मी एकदा तिथे थांबून त्यातल्या एकाला विचारलं, "तुझ्या आईला सांगू का काय विकतोस ते?" तेव्हापासून मी दिसले की गप्प बसायची. मी नसताना काय करायची ते मला माहीत नाही.

मग इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वासाचं प्रकरण सुरू झालं. मी तो ग्रुप कधी उघडत नसे. सकाळी गुलाबाची फुलं आणि संध्याकाळी पाण्याच्या टाकीचं रडगाणं, दुसरं काही नाही. जिन्यात उडत उडत कानावर आलं की वरच्या मुलीच्या घरातून कसलासा वास येतो आणि लोक वैतागलेत. मला तर कधी काही आलं नव्हतं. मी म्हटलं, बंगाल्यांचं नाक नाजूक, असेल काही.

एका शनिवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली. दारात ती मुलगी, आणि तिच्या शेजारी ठाण्यातले तेच पाद्री, तोच स्वेटर, तीच पिशवी. त्यांनी मला ओळखलं. "मोबाइल मिळाला का, ताई?"

"नाही मिळाला. या, आत या."

ते आत आले नाहीत. आधी म्हणाले, "एक विचारायचं आहे. ही माझ्या चर्चमध्ये येते. हिला महिनाअखेर घर सोडायला सांगितलंय, इमारतीची तक्रार आहे म्हणून. तुमची काही तक्रार असेल तर मला सांगू नका, हिच्या तोंडावर सांगा. आम्ही ऐकून घेऊ."

असा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं, "माझी कसली तक्रार? आणि असती तर मी महिनाभर थांबले असते असं वाटतं का तुम्हाला?"

"नाही वाटत," ते म्हणाले, आणि आत येऊन बसले.

चहा पिताना सगळं कळलं. याआधी तिला दोन घरं अशीच सोडावी लागली होती. एका ठिकाणी वासावरून, एका ठिकाणी कारणही न सांगता. तिच्या वडिलांनी फोनवर सांगून टाकलं होतं, आता पुन्हा असं झालं तर नोकरी सोड आणि घरी ये, आम्हाला झोप लागत नाही. तिला जायचं नव्हतं. अतिदक्षता विभागात तिची नुकतीच कायमची नेमणूक झाली होती आणि त्यासाठी तिनं किती रात्रपाळ्या केल्या होत्या ते तिचं तिला माहीत. हे सगळं पाद्री सांगत होते. ती बिस्किटाचा एकच तुकडा हातात धरून बसली होती, खात नव्हती.

"इमारतीत कुणाची तक्रार आहे?" मी विचारलं.

"तीच तर गंमत आहे. मालक म्हणतात माझं काही नाही, सेक्रेटरींचं आहे. सेक्रेटरी म्हणतात माझं काही नाही, रहिवाशांचं आहे. उद्या संध्याकाळी गच्चीवर मीटिंग आहे. तुम्ही याल का?"

"येईन की. पण तुम्ही हे तोंडावर सांगायचं काय काढलंय?"

त्यांनी कप खाली ठेवला. "आमच्या गावी आजोबांना विहिरीवर पाणी भरू देत नसत. पण आजोबा सांगायचे, एकाही माणसानं त्यांना तोंडावर नाही म्हटलं नाही. जो तो म्हणायचा, माझी काही हरकत नाही रे, पण बाकीच्यांना चालायचं नाही. त्या बाकीच्यांना शोधत आजोबा म्हातारे झाले. सापडले नाहीत. मी पाळक झालो तेव्हा ठरवलं, आपण त्या बाकीच्यांना शोधायचं." मग हसून म्हणाले, "इकडे बदली झाली. इकडेही ते आहेतच. आमच्या चर्चमध्ये पण आहेत, ताई. तिथे आधी बसलो."

सुटीत आम्ही जायचो त्या अलिबागच्या घरामागेही विहीर होती आणि तिच्यावर कोण यायचं नाही हे आम्हाला लहानपणी सांगावं लागत नसे.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी नेहमीप्रमाणे बोंबील भाजले, भाकरी झाली, जेवून हे आडवे झाले. संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर गेलो. थंडीचे दिवस, प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या, थर्मासमध्ये चहा. मुलीच्या फ्लॅटचे मालक सॉल्ट लेकहून आले होते. पाद्री आणि ती शेजारी शेजारी बसले होते आणि पाद्रींच्या खुर्चीखाली पिशवी होती. पिशवीत डबा आहे हे मी आकारावरून ओळखलं. मला एकटीलाच हसू आलं.

सेक्रेटरींनी इमारतीची परंपरा, एकोपा वगैरे बरंच सांगितलं. ते संपल्यावर पाद्री उभे राहिले. त्यांचं बंगाली अगदी आपल्या मराठी वळणाचं, ऐकताना मला मौज वाटत होती. ते म्हणाले, "ज्यांची तक्रार आहे त्यांनी हिच्याकडे बघून सांगावी. एवढीच विनंती आहे. आम्हाला घाई नाही."

आणि ते खाली बसले.

सेक्रेटरी म्हणाले, मला व्यक्तिशः काही नाही, पण लोकांचं म्हणणं पडलं. मालक म्हणाले, माझी भाडेकरू उत्तम आहे, पण इमारतीच्या विरोधात मी कसा जाणार. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई म्हणाल्या, माझं काही नाही, सासूबाईंना त्रास होतो. सासूबाई तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, मला तर वर्षभर सर्दीच आहे. अशी ती तक्रार एकेका खुर्चीवरून पुढे सरकत होती आणि कुणी तिला मांडीवर घेईना. ती मुलगी ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघत होती.

शेवटी राहिल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बौदी, म्हणजे वहिनी, सगळी इमारत त्यांना तसंच म्हणते. मुलीच्या बरोबर वरच्या. या पश्चिम बंगालच्या जुन्या घराण्यातल्या. पूर्वेकडून आलेले बंगाली सुकी मासळी, ज्याला हे लोक शुटकी म्हणतात, ती आवडीनं खातात, आणि बौदींच्या माहेरी-सासरी तिचं नुसतं नाव काढलं तरी नाकाला पदर लागतो. बौदी ताठ बसल्या आणि सरळ त्या मुलीकडे बघून म्हणाल्या, "मी बोलले. मला तो वास सहन होत नाही. दर रविवारी सकाळी तुझ्या खिडकीतून वर येतो. आज सकाळीसुद्धा आला, मी पूजेला बसले होते."

मला बौदींबद्दल तेव्हा आदरच वाटला. निदान ही बाई आपलं म्हणणं आपल्या तोंडानं बोलली होती.

पाद्रींनी शांतपणे विचारलं, "आज किती वाजता आला?"

"साडेनऊ, दहाच्या सुमाराला."

"साडेनऊला ही चर्चमध्ये माझ्यासमोर उभी राहून गात होती. दर रविवारी गाते. दुपारी बारापर्यंत तिचं घर बंद असतं."

खाली रस्त्यावर ऑटोवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता, तेवढंच ऐकू येत होतं. मी सहज ह्यांच्याकडे बघितलं, तर हे स्वतःच्या चपलांकडे बघत होते. रविवार. साडेनऊ. एक्झॉस्ट पंखा. चौक. अगं बाई, मी मनात म्हटलं, हे तर आमचे बोंबील.

मी उभी राहिले. "तो वास माझ्या घरचा आहे," मी म्हटलं.

कुणाचा विश्वासच बसेना. सेक्रेटरी मला समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमचं मन मोठं आहे, पण असं दुसऱ्याचं अंगावर घेऊ नका. तुम्ही तर निरामिष." मी ह्यांना म्हटलं, "जा, घेऊन या." हे खाली गेले आणि उशीचा अभ्रा घेऊन वर आले. मी गाठ सोडली. बौदींनी पदर नाकाला लावला आणि आतून म्हणाल्या, "हाच. हाच तो."

आणि सगळे हसायला लागले. अगदी पोट धरून. सेक्रेटरींनी चष्मा काढून डोळे पुसले. मालक म्हणाले, मराठी लोक शुटकी खातात, हे तर नवीनच. समोरच्या बाईंनी मला टाळी दिली. बौदीसुद्धा पदराआडून हसत म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत सांगायचं नाही का? मी खिडकी लावून घेतली असती. त्यात काय एवढं."

मीही हसले, खोटं कशाला बोलू. सुटल्यासारखं वाटलं. मग माझं लक्ष त्या मुलीकडे गेलं. ती हसत नव्हती. ती ज्याच्या त्याच्या तोंडाकडे तशीच बघत होती, मघासारखी. आणि माझं डोकं असं तडकलं की विचारू नका.

"कशाला हसताय?" मी म्हटलं. माझा वर्गातला आवाज लागला होता. "वास तोच. चौक तोच. तिचा आहे असं वाटलं तेव्हा तिनं घर सोडायचं, आणि माझा निघाला तर त्यात काय एवढं? मग मलाही महिनाअखेरची मुदत द्या. चला, द्या. माझ्या तोंडावर सांगा."

ह्यांनी माझा पदर ओढला नाही, हे विशेष. उलट हे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, हातात बोंबलांचा अभ्रा धरून.

पाद्रींनी मुलीला विचारलं, तुला काही बोलायचं आहे का. ती उभी राहिली. मला वाटलं इंग्रजीत बोलेल. ती स्वच्छ बंगालीत म्हणाली, "आमाके तो केउ जिग्गेस कोरेनि." मला तर कुणी विचारलंच नाही. एवढंच बोलून खाली बसली. इतकी चांगली भाषा तिला येते हे इमारतीत कुणाला माहीत नव्हतं. माहीत असणार कसं?

सेक्रेटरी घाईघाईनं म्हणाले, ठीक आहे, गैरसमज झाला, वास हिचा नव्हताच, प्रश्न मिटला. लोक खुर्च्या मागे सरकवू लागले. तेव्हा पाद्रींनी खुर्चीखालची पिशवी उचलून मांडीवर घेतली, डबा काढला आणि समोर ठेवला. उघडला नाही, नुसता ठेवला. "आणि उद्या हिनं खरंच तिच्या घरचं काही शिजवलं तर?" त्यांनी विचारलं.

लोक पुन्हा बसले. हा प्रश्न मला सुचला नसता. मी माझ्या रागात एवढी खूष होते की हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. सगळे बौदींकडे बघायला लागले. बौदींनी त्या मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग त्या अभ्र्याकडे.

"तर मी खिडकी लावून घेईन," त्या म्हणाल्या. "या मराठी बाईंसाठी लावणार आहे, तशी या मुलीसाठी पण. पण आधी सांगत जा गं बाई, म्हणजे पूजा लवकर उरकेन."

मालक पाद्रींना म्हणाले, "बरं, मग राहू दे तिला." पाद्रींनी मान हलवली. "मला नाही. तिला सांगा." मालकांना खुर्ची वळवावी लागली. चांगला धंदेवाला माणूस, गळ्यात सोन्याची साखळी, पण त्या मुलीच्या डोळ्यांत बघून दोन शब्द बोलताना त्यांना घाम फुटला. "तुमि थाको," ते म्हणाले. तू राहा. तिनं मान लववली आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

पाद्रींनी डबा आमच्या घरी उघडला. मी दोन बोंबील भाजून दिले. नगरच्या माणसाला त्याचं काय कौतुक, एक घास घेऊन त्यांनी पाणीच मागितलं. "ताई, यासाठी एवढं सगळं झालं?" ते म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्या मेथीला आम्ही नावं ठेवली का?" ती मुलगी मात्र भाकरीबरोबर सावकाश खात होती. खाता खाता म्हणाली, "मला माहीत होतं, आंटी. दुपारी घरी आले की माझ्या स्वयंपाकघरात वास असायचा. खालून येतो, कळायचं."

"अगं मग बोलली का नाहीस?"

"कुणी ऐकलं असतं?" ती म्हणाली. "आणि तुम्ही माझ्यासाठी टपरीवर त्या मुलाला बोलला होतात. तुमचं नाव कसं घेणार?"

मी उठून उगाच गॅस पुसायला गेले. पाद्रींच्या देखत मला रडायचं नव्हतं.

सगळंच काही असं गोड झालं नाही. त्या फुटबॉलवाल्या मुलांची तक्रार लिहून घेतली गेली, पण दोघांपैकी एक कंटाळून मायदेशी परत गेला. दुसरा इथेच आहे, मुलांना खेळ शिकवतो, पाद्रींच्या चर्चच्या मागच्या खोलीत राहतो. टपरीवरची मुलं अजून तोंडं वाकडी करतात. पाद्रींबरोबर आता एक बंगाली कॅथलिक फादर आणि शेजारच्या दुसऱ्या पंथाच्या पाळकबाई पण बसायला जातात. तिघांचे तीन डबे. कधी कधी चौथा माझा असतो. मला बसणं कठीण जातं, मध्येच तोंड सुटतं. पाद्री म्हणतात, "ताई, आधी जेवा." तोंडात घास असला की मला बोलता येत नाही हे त्यांनी बरोबर ओळखलंय.

वरून एकदा धुरावर सुकवलेल्या मांसाचा वास आला. मुलीच्या घरून पार्सल आलं होतं. खरं सांगायचं तर मला मळमळलं. हे पेपरमागून म्हणाले, "लाव खिडकी." मी लावली. त्यावर आम्ही दोघं बराच वेळ हसलो.

या वर्षी थंडी सरता सरता ह्यांना ताप आला. साधाच असेल म्हणून मी दोन दिवस घरातच औषध देत होते. मुलाला कळवलं नाही, तो उगाच विमानात बसला असता. तिसरा दिवस रविवार. बोंबील भाजायचे कुणी? मी पेज केली, ह्यांनी दोन चमचे घेतली आणि डोळे मिटले. इमारतीत कुणाला काही पत्ता नव्हता, आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं. बारा वाजून गेले होते. बेल वाजली. दारात ती उभी होती, अंगात चर्चला जायचे कपडे, हातात गीतांचं पुस्तक. वर घरी जाऊन तशीच परत खाली आली होती, म्हणून धापा टाकत होती.

"काकू," ती म्हणाली. आंटीची काकू कधी झाले ते आठवत नाही. "आज माझ्या स्वयंपाकघरात वास नाही. काका बरे आहेत ना?"

मी नुसती दारातून बाजूला झाले. तिनं चपला बाहेर काढल्या, हात धुतले, आत जाऊन ह्यांच्या मनगटावर बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत मला म्हणाली, "तुम्ही बसा आता. मी आहे."